पायऱ्यांची गळती खालून बुजत नाही

कोकणातल्या घरांचे जोते उंच असते, आणि जोते उंच म्हटले की पुढल्या दाराशी पायऱ्या आल्याच. पूर्वी या पायऱ्या भरीव असत. दोन्ही बाजूंना चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे, रचायचे, मधल्या जागेत दगडगोटे आणि माती ठोकून भरायची आणि वर चिऱ्याची किंवा काळ्या दगडाची पायरी बसवायची, अशी ती रीत होती. अशा पायरीत पाणी मुरले तरी ते खालच्या भरावात जिरून जाई आणि कोणाच्या डोक्यावर गळत नसे, कारण खाली डोके घालायला जागाच नसे. पुढे घरे दुरुस्त करताना भरीव पायऱ्या काढून त्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबच्या पायऱ्या घालण्याची पद्धत पडली, खाली आयती पोकळी मिळाली, आणि त्या पोकळीला दार बसवून सरपण, नारळ, पाण्याच्या पंपाची मोटर असे सगळे तिथे जाऊन बसले. पायऱ्यांची गळती हे दुखणे या पोकळीबरोबर आले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी हेच झाले आहे. भिंती जांभ्याच्या, जोते कमरेहून उंच, आणि पुढे पायऱ्या चढून गेल्यावर दारासमोर माणसांनी उभे राहावे एवढा सपाट ओटा, ज्याला आता सगळेच लँडिंग म्हणतात. पायऱ्या आणि लँडिंग स्लॅबचे, वर कोटा फरशी, बाजूला लोखंडी पाइपचा कठडा आणि खाली मोटरची व लाकडांची खोली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे या बांधकामातली प्रत्येक फट पाण्याला सापडणारच. आमच्या खोलीत पाणी थेंबथेंब नव्हे, तर मोठ्या सरीत धारेने येऊ लागले, तेव्हा दुरुस्तीला हात घातला. त्या दुरुस्तीत जे समजले आणि जे करून टिकले, ते इथे थोडे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी विजेबद्दल, कारण गळतीच्या नादात ती विसरली जाते. गळणाऱ्या छताखाली मोटरचा स्टार्टर किंवा बोर्ड असेल, तर पहिले काम मुख्य बटण बंद करणे आणि बोर्ड कोरड्या भिंतीवर हलवणे हे आहे. तीस मिलिअँपिअर वीजगळतीवर तुटणारा स्विच, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, तो त्या ओळीवर असलाच पाहिजे. हे झाल्याशिवाय ओल्या छताला छिन्नी लावू नये.

आता खुद्द भोकांविषयी. खोलीत शिरून वर पाहिले, तर स्लॅबच्या पोटाला तीन निरनिराळ्या खुणा दिसत होत्या. एका ठिकाणी खडीच्या दाण्यांमध्ये पोकळ्या राहून मधाच्या पोळ्यासारखी जाळी झाली होती. स्लॅब ओतताना काँक्रीट नीट ठोसले नाही, किंवा सेंट्रिंगच्या, म्हणजे ओतताना खाली धरलेल्या फळ्यांच्या, फटींतून सिमेंटचे पाणी निघून गेले, की अशी जाळी होते. दुसरीकडे पांढरे ओघळ होते आणि त्यांच्या टोकाला बोटभर लांबीच्या पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या. काँक्रीटमधला मुक्त चुना पाण्यात विरघळून खाली येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि तो दगडासारखा घट्ट होऊन बसतो. त्यामुळे पांढरा ओघळ दिसला, तर त्या वाटेने पाणी आज नव्हे, बऱ्याच काळापासून जात आहे असे समजावे. तिसरी खूण तांबूस डागाची होती, आणि काळजी करावी अशी खरी खूण तीच. आत सळई गंजत असली की बहुधा असा रंग येतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे तो सळईभोवतीचे काँक्रीट आतून फोडतो, मग खपली पडते, मग आणखी पाणी आणि आणखी गंज. समुद्राजवळच्या हवेत हे चक्र लवकर सुरू होते. म्हणूनच आपल्या प्रमाणसंहितेत, म्हणजे आयएस ४५६ : २००० मध्ये, उघड्या किनारी हवेतल्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. घरगुती पायऱ्यांच्या स्लॅबला पंधरा-वीस मिलिमीटर मिळाले तरी नशीब.

आमच्या आधीच्या दुरुस्तीची कथा बहुतेकांच्या ओळखीची असेल. एका ठेकेदाराने पावसाच्या तोंडावर येऊन खालून जिथे जिथे पाणी दिसले तिथे तिथे झटपट घट्ट होणारे सिमेंट भरले आणि वर एक प्लास्टरचा हात मारला. हे सिमेंट तीन ते पाच मिनिटांत दगड होते, वाहत्या पाण्यालाही अडवते, आणि त्यामुळे पैसे देताना काम फत्ते झाल्यासारखे दिसते. आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत पाणी दोन वीत बाजूला सरकून दुसऱ्या जागेतून येऊ लागले. यात त्या मालाचा काही दोष नाही. तो चुकीच्या बाजूला लावला होता. पाणी वरून शिरते, स्लॅबच्या आत वाट काढत, सळईच्या कडेने कुठेही फिरते आणि सापडेल त्या भोकातून खाली उतरते. खालचे भोक बुजवले की पाणी स्लॅबमध्येच कोंडते, काँक्रीट ओले ते ओलेच राहते, सळईला गंजायला निवांत वेळ मिळतो, आणि पाणी शेवटी दुसरीकडून येतेच. म्हणजे खालून बुजवलेल्या स्लॅबची प्रकृती न बुजवलेल्या स्लॅबपेक्षा वाईट होते. तळघराच्या भिंतीसारख्या जागी, जिथे पाणी येण्याच्या बाजूला जाताच येत नाही, तिथे आतून बुजवण्याला पर्याय नसतो. पायऱ्यांचे तसे नाही. पायऱ्यांची वरची बाजू आपल्या पायाखालीच आहे.

तेव्हा खरे काम म्हणजे पाणी शिरते कुठे हे शोधणे, आणि त्यासाठी घाई न करता पाण्याची नळी वापरावी लागते. ही तपासणी पावसाळा संपून स्लॅब चांगला वाळल्यावर करावी, नाहीतर जुनी ओल आणि नवी ओल यांत फरक कळत नाही. नळी सर्वात खालच्या पायरीपासून सुरू करून वर वर न्यायची, उलट नाही. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळ्याच पायऱ्यांवरून वाहते आणि खाली गळू लागल्यावर ते कोणत्या पायरीतून आले हे सांगता येत नाही. एका पायरीवर पंधरा-वीस मिनिटे बारीक धार सोडायची, खोलीत एका माणसाने विजेरी आणि खडू घेऊन बसायचे, ओल दिसली की खूण करून वेळ लिहून ठेवायची, मगच पुढची पायरी. लँडिंगला नळीची धार पुरत नाही. तिथे कडेने चिकणमातीचा बांध घालून दोन-तीन बोटे पाणी उभे करावे लागते. कठड्याच्या बुडाशी आम्ही कपड्यांची नीळ कालवलेले पाणी ओतले, म्हणजे ते खाली कुठे निघते हे रंगावरून ओळखता यावे.

खोलीत बसायला गवंडीकाका स्वतः तयार झाले आणि आई वर नळी धरून उभी राहिली. खालच्या पायऱ्यांवर पाणी सोडून बराच वेळ झाला तरी काही होईना, तेव्हा आईने वरूनच विचारले, "काका, झोपलात की काय?" काका म्हणाले, "वहिनी, पाणी आलं की मी काय झोपणार? तुम्ही वरची पायरी घ्या." लँडिंगच्या खालच्या दोन पायऱ्यांवर धार नेली आणि खोलीतून हाक आली. मग लँडिंग भरले, तेव्हा भिंतीच्या कडेने ओल उतरली. आणि कठड्याच्या पहिल्या खांबाशी निळे पाणी ओतल्यावर ते खाली जाळीच्या जागी निघाले, म्हणजे ओतले तिथून चांगले हातभर दूर. आधीचे झटपट सिमेंट नेमके त्या जाळीवर थापले होते.

कठड्याचा खांब ही पायऱ्यांमधली सगळ्यात कपटी जागा आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. स्लॅब ओतून झाल्यावर छिन्नीने भोक पाडून त्यात पाइप उभा करतात आणि भोवती सिमेंट-वाळू भरतात. उन्हात लोखंड तापून फुगते, रात्री आकसते. हात टेकून माणसे चढतात तेव्हा पाइप केसभर हलतो. आणि वर्षभरात पाइप व सिमेंट यांच्यामध्ये कागदाएवढी फट गोलाकार फिरते. एवढे सगळ्यांना माहीत असते. आमच्याकडे त्याहून एक गोष्ट निघाली. पाइपच्या माथ्यावरचे पत्र्याचे टोपण गंजून त्याला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते, त्यामुळे पावसाचे पाणी सरळ पाइपच्या आत पडत होते आणि पाइपचे बूड स्लॅबमध्ये रुतलेले असल्याने ते तिथेच साठून मुरत होते. पाइपवर हातोडीने खालून वर हलके ठोकत गेलो, तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत बद्द आवाज येई आणि त्याच्या वर टणटणीत. खालचा भाग पाण्याने भरलेला होता. बुडाशी ड्रिलने भोक पाडले तेव्हा तांबडे पाणी चूळ टाकावी तसे बाहेर आले. या खांबाभोवती बाहेरून कितीही लिंपले असते तरी गळती थांबली नसती.

दुसरी वाट लँडिंग आणि जोत्याच्या भिंतीमधल्या सांध्याची. घराचा पाया जुना आणि बसलेला, पायऱ्यांचा पाया नवा आणि उथळ. दोन्ही आपापल्या चालीने खाली-वर होतात. या सांध्यात पांढरे सिमेंट भरणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे आणि तो दरवर्षी निकामी होतो, कारण हलणाऱ्या फटीत घट्ट वस्तू भरली की ती एका कडेने सुटणार हे ठरलेले आहे. तिसरी वाट वरच्या दोन पायऱ्यांच्या फरशीखालची. फरशी बसवताना माल पूर्ण न पसरता मध्ये ढिगूळ ठेवून वर फरशी दाबली होती, त्यामुळे चारही कोपरे पोकळ होते. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर हे कानाला लगेच कळते. सांध्यांतून शिरलेले पाणी त्या पोकळीत साठून राही आणि सावकाश स्लॅबमध्ये उतरे, म्हणूनच पाऊस थांबल्यावरही खोलीत बराच वेळ ठिबकत असे. शिवाय पायरीचा उतार बाहेर असायचा तो आतल्या बाजूला गेला होता, त्यामुळे उभ्या फरशीच्या पायथ्याशी पाणी उभे राही.

आणि या सगळ्यांच्या वर, अक्षरशः वर, पडवीच्या पत्र्याची पन्हळ लँडिंगच्या अगदी डोक्यावर येऊन संपत होती. निम्म्या छपराचे पाणी एका जागी त्या फरशीवर आपटत होते. मला वाटते, अर्धी दुरुस्ती या एका पन्हळीची होती. तिला पाइप जोडून पाणी पायऱ्यांच्या बाजूने थेट अंगणातल्या गटारात सोडले आणि मगच छिन्नी हातात घेतली. ज्या पाण्याला तुमच्या पायरीवर येण्याचे कारणच नाही, त्याला वॉटरप्रूफिंग करून अडवण्यात पैसा घालवू नये.

कामाची वेळ दिवाळी ते शिमगा ही उत्तम. पावसाळ्यात फक्त पाहावे आणि खुणा कराव्यात. वैशाखाच्या उन्हात सिमेंटचे पाणी उडून जाते आणि मृगाच्या आधी उरकण्याच्या घाईत क्युरिंगला, म्हणजे नवे सिमेंट ओले ठेवण्याला, कात्री लागते. बाजारात आज बहुतेक करून राखमिश्रित पीपीसी सिमेंट मिळते. त्याची ताकद सावकाश येते, त्यामुळे त्यावर किमान दहा दिवस ओल टिकली पाहिजे, असे वर उल्लेखिलेली संहिताच सांगते. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी फेकणे म्हणजे क्युरिंग नव्हे. गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे.

वरच्या दोन पायऱ्यांची आणि लँडिंगची फरशी काढली. खालच्या पायऱ्या कोरड्या ठरल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. सगळेच उखडून नवे करू, असा सल्ला देणारे भेटतात, पण जे गळत नाही ते उखडून गळके करण्याचीही शक्यता असतेच. फरशीखालचा सैल माल खरवडून स्लॅबचा माथा उघडा केल्यावर भोके दिसू लागली : खांबांची, जाळीची, आणि एक सेंट्रिंगच्या लाकडाचा तुकडा आत राहून कुजल्यामुळे झालेले, ज्यात मनगट जाईल एवढे.

भोक भरण्याआधी ते नीट मोठे करावे लागते, हे गवंड्याला पटवणे कधी कधी अवघड जाते. वरवरच्या खळग्यात लिंपलेला पातळ थर पापुद्र्यासारखा निघून येतो. म्हणून भोकाच्या कडा छिन्नीने सरळ उभ्या कापाव्यात, शक्य तर तोंड अरुंद आणि आत रुंद असे खोदावे, आणि खोली निदान वीस-पंचवीस मिलिमीटर तरी असावी, म्हणजे भरलेला माल अडकून बसतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती खाच मात्र करू नये. तीत माल धरत नाही. मग तारेच्या ब्रशने घासून, धूळ फुंकून किंवा पंपाने उडवून, भोक रात्रभर भिजत ठेवावे आणि भरताना आतले उभे पाणी टिपून घ्यावे. आतून भिजलेले पण वर पाणी न चमकणारे असे काँक्रीट हवे. कोरडे असेल तर ते नव्या मालातले पाणी शोषून घेते, आणि पाणी साठलेले असेल तर माल चिकटतच नाही.

भरायला एक भाग सिमेंट आणि तीन भाग स्वच्छ, चाळलेली वाळू असा माल घेतला आणि कालवण्याच्या पाण्यात ॲक्रिलिक लॅटेक्स मिसळले, ज्याला गवंडी नुसते 'औषध' म्हणतात. आधी त्याच लॅटेक्समध्ये सिमेंट कालवून केलेली पातळ राबडी ब्रशने भोकाच्या अंगाला चोपडायची आणि ती चिकट असेपर्यंतच माल दाबून भरायचा. राबडी वाळून गेली, तर ती चिकटवण्याऐवजी वेगळी करते. मोठ्या भोकात एकदम न भरता थोड्या थोड्या जाडीचे थर द्यावेत आणि खोल जागी मालात बारीक खडी घालावी. नुसते सिमेंट घट्ट कालवून भोकात कोंबणे ही आपल्या गवंड्यांची आवडती सवय आहे. नुसते सिमेंट वाळताना आकसते आणि भोकाच्या कडेने बारीक चीर देते, पाण्याला तेवढी पुरते. लाकडाच्या तुकड्याच्या भोकाने आरपार जाण्याची तयारी दाखवली होती, तिथे खालून फळी टेकवून वरून भरले.

तांबूस डागाच्या जागी सळई उघडी केली. नुसती समोरची बाजू नव्हे, तर सळईच्या मागे बोट फिरेल इतके काँक्रीट काढले, कारण गंज मागच्या बाजूलाही असतो आणि तो राहू दिला तर दुरुस्ती त्यावरच फुटते. सळई चकचकीत होईपर्यंत घासली, जस्ताचा प्रायमर दिला आणि तो वाळल्यावर माल भरला. आमच्याकडे हे एकाच जागी होते आणि सळईची जाडी फारशी गेली नव्हती. जिथे सळया निम्म्या झाल्या आहेत किंवा पोटाच्या खपल्या मोठ्या प्रमाणावर पडत आहेत, तिथे हे घरगुती काम राहात नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या पायरीवर पाहुणे चढवू नयेत.

खांबांसाठी जुना माल पूर्ण काढला, पाइपचा गंजलेला बुडाचा भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला, माथ्यावर नवे टोपण चारही बाजूंनी वेल्डिंगने बंद केले, आणि भोकात न आकसणारे ग्राउट, म्हणजे ओतता येणारा पातळ सिमेंटमाल, ओतले. खांबाभोवती फरशीच्या पातळीहून बोटभर उंच अशी बाहेर उतरती कॉलर केली, म्हणजे पाणी बुडाशी थांबणार नाही, आणि कॉलर व पाइप यांच्यामधल्या खाचेत पॉलियुरेथेन सीलंट फिरवले. सीलंट रबरासारखे राहते, म्हणून पाइपचे केसभर हलणे त्याला सोसते.

लँडिंगच्या सांध्याला तेच सीलंट लावायचे होते, पण जांभ्याने तिथे अडवले. जांभा मुळातच सच्छिद्र. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ मध्ये मलबारातल्या या दगडाचे वर्णन केले, ते खाणीत मऊ असून लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा आणि हवेत उघडा पडल्यावर कठीण होणारा दगड असे आहे, आणि आपल्या चिरेखाणींवर आजही तेच पाहायला मिळते. त्याच्या अंगावरची भोके ही झीज नव्हे, ती त्याची घडण आहे. अशा पृष्ठभागावर सीलंट सरळ लावले, तर त्याची कड अर्धी दगडावर आणि अर्धी भोकांवर टेकते व पाणी मागून फिरून येते. म्हणून जोत्याच्या भिंतीवर सांध्याच्या वर वीतभर उंचीचा आणि सांध्यात उतरणारा लॅटेक्सयुक्त गिलाव्याचा पट्टा काढला, तो पूर्ण वाळू दिला, त्यावर प्रायमर दिला आणि मग सांधा भरला. सांध्याची रुंदी कटरने सरळ बारा मिलिमीटर केली, आत फोमची गोल दोरी दाबली आणि वर सीलंट रुंदीच्या निम्म्या जाडीचे, म्हणजे सहा मिलिमीटर दिले. दोरीचे काम दुहेरी आहे. ती सीलंट खोल जाऊ देत नाही, आणि सीलंटला तळाशी चिकटूही देत नाही. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटले, तर ताणले जाऊ शकते. तिसऱ्या बाजूलाही चिकटले की फाटते. दुकानात ही दोरी मागितली, तर अनेकदा 'तिची काही गरज नाही' असे ऐकायला मिळते. आग्रह धरावा.

इथेच एक इशारा देऊन ठेवतो. गळती पाहून धीर सुटलेली माणसे जोत्याच्या सगळ्याच चिऱ्यांची भोके सिमेंटने बुजवतात किंवा वर चकचकीत पारदर्शक लेप देतात. चिऱ्यातली ओल मग बाहेर पडू शकत नाही आणि दगड आतून भुसभुशीत होत जातो. दगडाच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, दगडाहून मऊ असाव्यात हा जुना नियम आहे; चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून दरजा भरणाऱ्या जुन्या गवंड्यांनी तो पाळला होता, आणि झीज झाली तर ती दरजेची होई, चिऱ्याची नव्हे. पट्टा जिथे लागतो तिथेच गिलावा, बाकी चिरा मोकळा, एवढे धोरण ठेवले.

भोके आणि सांधे झाल्यावर उघड्या स्लॅबवर सिमेंटयुक्त पॉलिमरच्या लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा आणि दुसरा उभा, दोहोंमध्ये पहिला वाळण्यापुरता वेळ सोडून. पायरीचा सपाट भाग उभ्या भागाला मिळतो त्या प्रत्येक कोपऱ्यात आधी माल भरून कोपरा गोलसर केला आणि लेपाच्या दोन हातांमध्ये काचधाग्याची जाळी दाबली, कारण काटकोनी कोपऱ्यात लेप पातळ होतो आणि तिथेच फाटतो. मग पुन्हा मातीचा बांध घालून लँडिंगवर दोन दिवस पाणी उभे ठेवले. खोली कोरडी राहिल्याशिवाय फरशीला हात लावू द्यायचा नाही, यावर ठाम राहावे लागते. फरशीवाला दारात उभा असतो आणि त्याचा दिवस मोडतो हे खरे, पण फरशी बसल्यानंतर निघालेली गळती म्हणजे पुन्हा सगळे पहिल्यापासून.

फरशी बसवताना माल कडेपर्यंत पसरला, फरशीच्या पाठीलाही राबडी लावली आणि प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूस पाच मिलिमीटर उतार दिला. पायरीची फरशी उभ्या भागाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर काढून तिच्या खालच्या अंगाला कटरने एक बारीक चर मारला, म्हणजे थेंब चराशी तुटून खाली पडतो, मागे वळून सांध्यात शिरत नाही. या चराला खर्च जवळपास शून्य आहे आणि तरी तो क्वचितच कोणी मारतो. फरशीच्या पुढच्या कडेला तीन समांतर खाचाही पाडल्या. गुळगुळीत कोट्यावर श्रावणात शेवाळ धरले की पायरी गळते की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि माणूस पडतो की नाही हा पुढे येतो. याच कारणासाठी गच्चीला लावायचे पांढरे रबरी रंग पायऱ्यांच्या वर कधीही लावू नयेत. चालण्याने ते महिन्या-दोन महिन्यांत उडतात आणि असतात तोवर घसरवतात. डांबर फासण्याविषयी तर बोलायलाच नको.

स्लॅबच्या पोटाची जाळी सगळ्यात शेवटी, वरचे सगळे होऊन स्लॅब वाळल्यावर, खपल्या काढून त्याच मालाने भरली. तिथे प्लॅस्टिक पेंट दिला नाही, चुनाच दिला. चुन्यातून उरलेली ओल बाहेर पडू शकते, आणि पुन्हा कुठे पाणी आले तर पांढऱ्या चुन्यावर डाग त्याच दिवशी दिसतो, रंगाच्या फुग्याआड लपत नाही.

पुढच्या पावसाळ्यात खोलीत पाणी आले नाही. भिंतीच्या कडेला एक तळहाताएवढी ओल आषाढात उमटते आणि भाद्रपदात जाते. ती लँडिंगमधून नव्हे तर जोत्याच्या चिऱ्यातून येते, असे नळीच्या तपासणीवरून दिसते, आणि तिला मी हात लावणार नाही. सीलंट मात्र कायमचे नसते. ऊन त्याला खाते. दरवर्षी होळीच्या सुमारास खांबांच्या कॉलरी आणि भिंतीचा सांधा नखाने दाबून पाहायचा, कड सुटलेली दिसली तर तेवढाच भाग कापून काढून नवा भरायचा, आणि त्याच वेळी पन्हळीतला पालापाचोळा काढून टोपणांवर हातोडी वाजवून घ्यायची, असे आता ठरवून टाकले आहे.